बाभळीखालचं तेल

बाजार करून परत येताना नाथाजीची फटफटी गावापासून अर्ध्या कोसावर बंद पडली, आणि त्या वेळी राहीबाई तिच्यावर बसलेली होती. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी घडली असती तर काही बिघडलं नसतं. फटफटी अधूनमधून बंद पडायचीच, आणि राहीबाई दर बाजाराला मागे बसायचीच. पण दोन्ही एकदम, तेही चांगल्या उजेडात, म्हणजे मोठीच पंचाईत झाली. कारण राहीबाई फटफटीवर बसते हे गावात कुणाला, आणि मुख्य म्हणजे नाथाजीच्या आईला, माहीत असायचं काही कारण नव्हतं.

त्यांच्या आळीत सुनेनं नवऱ्याच्या मागे फटफटीवर बसायची रीत नव्हती. बैलगाडीत बसावं, यष्टीत बसावं, पण नवऱ्याला चिकटून, पदर वाऱ्यावर सोडून, मारुतीच्या देवळासमोरून फटफटत जायचं म्हणजे काय! नाथाजीची आई मनुबाई याबद्दल एकदाच बोलली होती, तेही दुसऱ्याच कुणाच्या सुनेबद्दल. "आमच्या वक्ताला असलं नव्हतं बाई," एवढंच म्हणाली. पण फौजेतून नुकताच सुटून आलेल्या नाथाजीनं ते मनाला लावून घेतलं आणि लष्करी डोक्यानं त्यावर तोड काढली. बाजाराच्या दिवशी राहीबाईनं टोपली घेऊन आधी निघायचं, ओढा ओलांडायचा आणि शिवेपलीकडच्या बाभळीखाली थांबायचं. मागून नाथाजीनं फटफटी घेऊन यायचं आणि तिला बसवायचं. येताना बाभळीखाली उतरवायचं. ती पुढे चालत घरी पोचेपर्यंत आपण झाडाखाली बिडी ओढत बसायचं, आणि मग बायको नावाची गोष्ट आपण सकाळपासून पाहिलीच नाही अशा चेहऱ्यानं गावात शिरायचं. पंधरा वर्षं हे असं चाललं होतं. मधे मोठा दुष्काळ येऊन गेला, लोकांनी दुष्काळी कामावरच्या सुकडीवर दिवस काढले, बाजारात काही मिळेना, तरी ही दोघं बाजाराला जायची थांबली नाहीत.

याचं कारण बाजार नव्हता. घरात राहीबाई नवऱ्याशी बोलायची ती भिंतीकडे बघून. "जेवान वाढलंय म्हनावं." सोप्यात सासू, परड्यात जावा, दारात शेजार. दोघांचा एकुलता एक मुलगाही आता फौजेत गेला होता, त्याची आठवण काढायची तरी ज्यानं त्यानं मनातल्या मनात काढायची. पण फटफटीवर बसली की राहीबाईचं तोंड नाथाजीच्या कानाशी यायचं आणि मग सगळा बांध फुटायचा. पोराची काळजी, जावेचा टोमणा, कुणाच्या म्हशीला काय झालं ते, सगळं. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही अशा समजुतीनं ती कधी कधी त्याचं नावसुद्धा घ्यायची. "नाथाजी" असं, अगदी हळू. घरात जीव गेला तरी तिनं घेतलं नसतं. नाथाजीला चांगलं ऐकू यायचं, पण तो मान हलवायचा नाही. रस्ता सरू नये म्हणून तो फटफटी बैलगाडीच्या चालीनं हाकायचा.

फटफटी होती मोठ्या लढाईतली, विलायती, लष्कराच्या लिलावात घेतलेली. "पानी लागत न्हाई हिला. वाऱ्यावर गार व्हती," असं नाथाजी अभिमानानं सांगायचा. तेल मात्र लागायचं. आत जितकं घालावं त्याच्या निम्मं ती जिथे उभी राहील तिथे सांडून ठेवायची.

तर त्या दिवशी आतून आधी ठकठक आली, मग खडखड, आणि मग एक उसासा टाकून इंजिन गप्प झालं.

"काय झालं?" राहीबाई खाली उतरत म्हणाली.

"आतलं कायतरी गेलं. हिकडनं आता ढकलतच न्यावी लागंल."

तेवढ्यात गावाकडून बैलांची घुंगरं वाजली. नाथाजीचा चुलतभाऊ गुंडा मोकळी गाडी घेऊन रानात निघाला होता. माणूस मनाचा चांगला, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. राहीबाईनं झटकन टोपली डोक्यावर घेतली आणि ह्या इसमाशी आपली जन्मात गाठ पडलेली नाही अशा थाटात चालायला लागली. नाथाजीनं थोडं अंतर पडू दिलं आणि मागून फटफटी ढकलायला सुरुवात केली.

गुंडानं गाडी थांबवली. "वैनी, चालत? यष्टी चुकली व्हय?"

"चुकली की."

"पर दादा बी गेला हुता न्हवं बाजारला?"

"गेलं असतील. मला काय ठावं!" राहीबाई म्हणाली. "मागनं कुनीतरी फटफटी ढकलत येतंय खरं. वळखीचं वाटतंय बया."

गुंडानं ह्या दोघांच्या लग्नात अंतरपाट धरला होता. त्यानं वहिनीकडे बघितलं, मागून घामाघूम होऊन येणाऱ्या दादाकडे बघितलं, आणि नशिबानं त्याचं लक्ष फटफटीवर गेलं. त्यानं गाडी वळवली आणि कासऱ्यानं फटफटी मागे बांधली. पुढे बैल, मागे फटफटी, तिच्यावर हँडल धरून बसलेला माजी हवालदार, आणि सगळ्यांच्या बरीच पुढे, कशाशी काही संबंध नसलेली राहीबाई, अशी ती मिरवणूक गावात शिरली.

"दादा, म्हातारी झाली रं ही," गुंडा गाडीवरून मागे वळून म्हणाला. "मला दे. कडबाकुट्टीला लावतो इंजन. शंभर जनावरांचा कडबा तोडंल."

"बघू," नाथाजी म्हणाला. घरात काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते मनुबाई ठरवायची. तिनं उद्या विचारलं, की बाबा, रोज बंद पडणारी ही गाडी तुला कशाला हवी, तर काय सांगणार? बायको कानाशी बोलते म्हणून? असलं कारण कुठल्या तोंडानं सांगायचं!

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं ओट्यावर पोतं अंथरलं आणि इंजिन सोडलं. शेजारी मनुबाई पितळी खलबत्त्यात पान कुटत बसली होती. तिचे दात गेल्याला बरीच वर्षं झाली होती आणि दिवसाचा निम्मा वेळ तिचा त्या खलबत्त्यात जायचा. इंजिनाच्या पोटाशी ॲल्युमिनियमची दोन अर्धुकं एकमेकांवर बसून एक पेटी होते. पुस्तकात तिला क्रँककेस म्हणतात आणि मिस्त्री लोक चेंबर. त्या पेटीत बेअरिंग घट्ट बसलेलं असावं आणि बेअरिंगमध्ये दांडा फिरावा, अशी ती रचना. इथे दांड्याबरोबर बेअरिंगही फिरत होतं आणि फिरून फिरून त्यानं आपली बैठक खाऊन टाकली होती. नाथाजीनं बोट लावलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. सगळं तेल कुठून जात होतं तेही आता कळलं.

"काय झालंय तिला?" मनुबाईनं विचारलं.

"बेअरिंगचं घर झिजलंय, आये. जात्याचा खुटा सैल झाल्यावर कसा डुगडुगतो, तसं."

"मग खुट्याला चिंधी गुंडाळायची आन ठोकायचा. त्यात काय एवढं?"

"ही विलायती हाय आये. हितं चिंधी चालत न्हाई."

"बरं बाबा, तुला ठावं. पर लवकर कर."

नाथाजीनं चमकून वर बघितलं. आईला कसली घाई? पण ती खाली मान घालून पान कुटत होती.

नाथाजीनं फौजेत शिकलेला उपाय काढला. झिजलेल्या बैठकीत पोगराचं पोलादी टोक धरून हातोडीनं ठिपके मारायचे, म्हणजे धातू वर उठतो आणि बेअरिंग पकडून ठेवतो. मग पेटी तापवायची, ती फुगली की बेअरिंग आत सोडायचं, गार झाली की ती आवळते. तापवायला राहीबाईच्या चुलीखेरीज दुसरं काय होतं? चुलीवर ॲल्युमिनियम तापलं, त्याच्या सांदीसांदीतलं तेल धुरावलं, जावा खोकत परड्यात पळाल्या, आणि त्या दिवशीच्या भाकरीला गॅरेजचा वास आला. सगळ्यांनी नाकं मुरडली. मनुबाईनं मात्र दुधात कुस्करून अख्खी भाकरी खाल्ली.

"चांगली झालीया," ती म्हणाली. "आनखी तापवायचं असलं तर तापीव."

नाथाजीला काही तरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते समजेना.

फटफटी सुरू झाली, ओढ्यापर्यंत गेली, आणि तिथे पुन्हा खडखडून थांबली. ठिपके सगळे चेपून गेले होते आणि जाताना उरलीसुरली बैठकही घेऊन गेले होते. आता बेअरिंगच्या बाजूनं चक्क सुतळी आत जात होती.

बाजाराचा दिवस आला. राहीबाई यष्टीनं गेली, बायकांच्यात बसून. नाथाजीही त्याच यष्टीनं गेला, मागे दांडा धरून उभा. वाटभर त्याला तिचा अंबाडा तेवढा दिसला. बाजारात एकदा तिनं लांबून त्याच्याकडे बघून हातानं काही खूण केली. ती त्याला कळली नाही. पुढचे कितीतरी दिवस तो त्या खुणेचा अर्थ लावत बसला. पोराचं काही असेल, तब्येतीचं असेल, रुसली असेल. ते 'मीठ इसरू नका' असं होतं हे त्याला फटफटी दुरुस्त झाल्यावर कळलं. तोवर घरात आळणी आमटी का होतेय याचा राहीबाईखेरीज कुणालाच पत्ता लागला नव्हता.

शेवटी त्यानं पेटीची दोन्ही अर्धुकं पोत्यात घातली, आगगाडी पकडली आणि सांगली गाठली. तिथे इलाही मिस्त्रीचं लेथचं दुकान होतं. इलाही फौजेच्या वर्कशॉपात नाथाजीच्या बरोबर होता आणि अजून त्याला हवालदारच म्हणायचा. त्यानं पोतं उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! हवालदार, ह्ये ठिपके कुनी मारले?"

"मीच."

"देवी आलेल्या मानसागत दिसतंय बिचारं!" इलाहीनं पेटीवरून मायेनं अंगठा फिरवला. "आता बैठक मोठी कातायची आन आत कड्यागत बुश ठोकायचा. दुसरा विलाज न्हाई."

"बुश म्हंजे चिंधीच की," नाथाजी पुटपुटला.

"काय?"

"काय न्हाई. आमच्या आयनं आदीच सांगितलं हुतं."

"पोलादाचा बुश आत्ता देतो करून, पर टिकनार न्हाई. ही वाऱ्यावर गार व्हनारी गाडी. तापली की ॲल्युमिनियम फुगतंय, पोलाद तेवढं फुगत न्हाई. पुन्ना ढिलं. चांगलं जुनं पितळ न्हाईतर गनमेटल पायजे. बाजारात मिळतंय ते सगळं पोकळ, आत बुडबुडं."

"भंगारात दुसरं चेंबर मिळंल?"

"एक अर्धुक मिळंल. पर ही दोन्ही एकत्र बसवून, एकत्र कातल्याली असत्यात. ह्यातलं एक काढून दुसरं कुठलं बसवलं तर बाहेरनं जोडी जमल्यागत दिसंल, पर आत दांडा फिरायचा न्हाई." इलाहीनं हात पुसले. "मी बघतो जुनं पितळ. पर महिना जाईल, दोन जातील. गावाकडं कुनाकडं जाड बुडाचं भांडं असलं तर आना. एवढं." त्यानं मूठ दाखवली.

नाथाजी हात हलवत घरी आला आणि ओट्यावर बसून सगळी हकिगत सांगितली. गुंडा वाटच बघत होता.

"म्हनलं न्हवतं मी? दोन महिनं कोन थांबतंय! काकी, तुमीच सांगा की दादाला. ते इंजन मला दिऊ द्या. नवं चेंबर न्हाई बसलं तर मी लाकडाचं बसवतो."

नाथाजीनं आईकडे बघितलं. दारात राहीबाई तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपावर थांबला. मनुबाईनं खलबत्त्यातलं पान तळहातावर काढलं, तोंडात टाकलं, पदरानं खल आतून-बाहेरून पुसला आणि नाथाजीपुढे ठेवला.

"ह्यो चालतोय का बघ."

नाथाजीनं तो उचलून हातात फिरवला. मूठभर आकाराचा, बोटभर जाडीचा खल. "आये, ह्यो? तुजं पान?"

"पाट्यावर वाटून खाईन."

"आगं पर तुज्या म्हायेरचा हाय ह्यो!"

"म्हायेरचा हाय म्हनून तर देतीया. सासरचा असता तर कुनाला तरी इचारावं लागलं असतं," मनुबाई म्हणाली. मग तिनं मोर्चा गुंडाकडे वळवला. "आन तू रं, लाकडाचं चेंबर घालनारा! ऊठ, तुझी बैलं वैरनीबिगार उभी हायती."

गुंडा उठून गेला. नाथाजी मात्र खल हातात घेऊन तिथेच बसला. पान म्हणजे आईचा जीव की प्राण. त्यासाठी ती एकदा एकादशीचा उपास सोडून बसली होती. तिनं खलबत्ता द्यावा, आणि तोही फटफटीसाठी? म्हातारीच्या मनात काही तरी आहे, आणि जे आहे ते बरं नाही, असं त्याला वाटायला लागलं.

सांगलीत इलाहीनं खल टेबलावर आपटून कानाला लावला. घंटेसारखा नाद आला. "वा! ह्यो कुठला?"

"आयचा."

इलाहीनं तो लगेच खाली ठेवला. "अम्मीचा खल मी कापू? न्हाई बाबा. हात धजत न्हाई."

"तिनं सोताच्या हातानं दिलाय. मलाच कळंना का दिलाय ते."

बरीच मनधरणी झाल्यावर इलाहीनं 'बिस्मिल्ला' म्हणून खल लेथवर चढवला. बूड कापलं, बाहेरून कातला, आतून कातला, आणि खलबत्त्याचं एक लखलखीत कडं झालं. पेटीची बैठक कातून मोठी केली, पेटी तापवली, कडं आत सोडलं, आणि गार झाल्यावर ते असं आवळलं की जोड कुठे आहे ते नखाला लागेना. या खेपेला नाथाजीनं बाकीचं इंजिनही पोत्यात आणलं होतं; हातासरशी इलाहीनं सिलिंडरही साफ करून दिला आणि नवा पिस्टन घातला. नाथाजी निघाला तेव्हा इलाहीनं त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली.

"अम्मीकडं मोकळ्या हातानं जाऊ नगा."

तो जुना पिस्टन होता. उलटा धरला की चांगला जाड पेला. त्याच्या दोन्ही बाजूंची पिनची भोकं इलाहीनं खलाच्या उरलेल्या पितळानं बुजवून घासून काढली होती. मनुबाईनं तो चिंचेनं, राखेनं, पुन्हा चिंचेनं धुतला, बत्ता आपटून बघितला आणि पान कुटून तोंडात टाकलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"जरा घासलेटाचा वास येतोय," ती म्हणाली. "पर झणका चांगला हाय."

फटफटी आता शिवणयंत्रासारखी चालायला लागली. नाथाजीनं रात्रभर तिच्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं आणि सकाळी ते कोरं करकरीत वर्तमानपत्र सगळ्या आळीत फिरवलं. "एक थेंब न्हाई! पंधरा वर्सांत पैल्यांदा!"

"एक बी न्हाई?" मनुबाईनं विचारलं.

"एक बी न्हाई!"

"बरं," ती म्हणाली, पण तिला काही आनंद झालेला दिसला नाही.

बाजाराच्या दिवशी बाभळीखाली राहीबाई मागे बसली. फटफटी निघाली. इंजिन इतकं गुमान चाललं होतं की शेतातले होलेसुद्धा उडेनात. थोडं पुढे गेल्यावर कानाशी हळूच आवाज आला, "नाथाजी, लय दिसांनी बसले बगा." नाथाजीच्या कानाची पाळी लाल झाली, आणि ती राहीबाईनं बघितली.

"आगं बया! ऐकू येतंय व्हय?"

"आता आवाज कमी झालाय न्हवं गाडीचा."

"आन आदी? आदी बी ऐकू यायचं?"

"छ्या! आदी कुठलं," नाथाजीनं सरळ खोटं सांगितलं. राहीबाईचा विश्वास बसला नाही. मीठ घेईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि येताना मात्र दोन कोसभर बोलली.

सगळं असं सुरळीत झालं, आणि मनुबाई बिनसली. आधी ती नाथाजीकडे एकटक बघायला लागली. मग राहीबाईकडे. मग आळीपाळीनं दोघांकडे. जेवताना उगीचच म्हणायची, "राही, त्याला तूप वाढ." वाढलं की म्हणायची, "आनखी वाढ." सकाळी शेरडी चारून आली की धाडकन ओट्यावर बसायची आणि पिस्टनमध्ये असं पान कुटायची की आळीतली कुत्री उठून उभी राहायची. तिसरा बाजार झाला आणि तिचं जेवण तुटलं. नाथाजीनं मनाशी ओळखलं की भांडं फुटलं. गुंडानं बघितलं असेल, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल, पण म्हातारीला कळलंय.

एका सकाळी शेरडी बांधून तिनं सोप्यातून हाक मारली. "नाथा, बस हितं. राही, तू बी बस. दार लोटून घे."

दोघं बसली. लग्नानंतर सासूसमोर नवऱ्याशेजारी बसायची राहीबाईची ही पहिलीच वेळ. तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

"किती दिस चाललंय ह्ये?" मनुबाईनं विचारलं.

नाथाजीनं एकदा लोटलेल्या दाराकडे बघितलं. पण लष्करातला माणूस, पकडला गेल्यावर पळत नाही. "पंधरा वर्सं, आये."

"पंधरा वर्सं?" मनुबाईचे डोळे विस्फारले.

"चुकलं माजं. तिचा काय दोस न्हाई, मीच तिला सांगितलं. पर आता न्हाई. तुज्या गळ्याची आन, परत तिला फटफटीवर बसवनार न्हाई."

मनुबाईनं बत्ता खाली ठेवला.

"बसवनार न्हाई? आरं मुडद्या, मग माजा खलबत्ता कापलास कशाला?"

नाथाजीनं आधी राहीबाईकडे बघितलं, मग आईकडे.

"म्हंजे... आये, तुला ठावं हाय?"

"मला न्हाई. माज्या शेरडीला ठावं हाय," मनुबाई फणकारली. "पंधरा वर्सं त्या बाभळीखाली गवात उगवलं न्हाई. दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिथं ताजं तेल. फटफटी झाडाखाली उभी ऱ्हाती ती काय बाभळीशी बोलाय? येताना काय एकाच बिडीपुरती थांबती? केवढा मोठा डाग पडायचा! दुस्काळात ओढा आटला, पर तो डाग कदी वाळला न्हाई. मी शेरडी घेऊन जायची, डाग बघायची, आन म्हनायची, चला, पोरांचं बरं चाललंय." तिचा आवाज एकदम खाली आला. "आन आता? तीन बाजार झालं. तेलाचा थेंब न्हाई. हिरवं फुटलंय तिथं. काल माजी शेरडी तिथं चरली! गाडी गळत न्हाई म्हनून तू कागद दावलास खरा, पर माजं मन ऐकंना. म्हनलं, ह्या दोघांचं कायतरी बिनसलं. ही परत यष्टीनं जाया लागली."

"आये, फटफटी दुरुस्त केली न्हवं का," नाथाजी कळवळून म्हणाला. "तुज्याच खलबत्त्यानं. आता तेल सांडतच न्हाई ती!"

मनुबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग राहीबाईकडे. "म्हंजी बसतीस तू?"

पदराआडून मान हलली. "बसते आत्ती. दर बाजाराला."

"बस हो बाई, बस," मनुबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. "माजं म्हातारं कुठं बी निघालं की पुढं चालायचं आन मी मागं. जत्रेला तसंच, म्हायेराला तसंच. जलमभर मी त्येंची पाठ बघत चालले. लय वाटायचं, हात लावून बघावा त्या पाठीला. कदी लावला न्हाई. तुला धरून बसाय मिळतंया तर बस."

राहीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती का रडत होती ते नाथाजीला कळलं नाही. त्याचं स्वतःचंही काय चाललं होतं ते त्याला कळत नव्हतं.

"मग आये," तो म्हणाला, "आता दारातनंच बसवू का हिला?"

"खबरदार!" मनुबाई ताठ झाली. "दारातनं बसली की आळी बघंल. आळीनं बघितलं की मला बोलावं लागंल. बाभळीखालचं मला काय दिसत न्हाई." तिनं पुन्हा बत्ता उचलला आणि मग कुणाशीच न बोलल्यासारखी म्हणाली, "एवढी चांगली दुरुस्त कशाला केली त्या मिस्त्रीनं? आता मला कळायचं कसं?"

पुढच्या बाजाराला नाथाजीनं पिशवीत एक बाटली टाकली. येताना बाभळीखाली राहीबाई उतरली. नाथाजीनं फटफटी नेहमीच्या जागी उभी केली, बाटलीचं बूच काढलं आणि नव्या हिरव्या गवतावर काळं तेल ओतलं.

"एवढंच?" राहीबाई टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली. "आज लय वेळ थांबलोय. आनखी ओता."

त्यानं आणखी ओतलं. ती पुढे निघून गेली आणि तो बिडी पेटवून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई शेरडी घेऊन परत आली ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात करवादत. "काय मेली ती फटफटी! शेरडीला चाराय जागा ठेवली न्हाई!" मग ती ओट्यावर टेकली, पिस्टन पुढ्यात ओढला आणि आत लांबवर हाक दिली, "राही, आज भाकरी कर. भूक लागलीया मला."